आधीच लिहिलेल्या संध्याकाळी

बुटाच्या तळव्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. माळ्यावरून बॅग ओढताना मागचं खोकं सरकलं, खाली आदळलं, झाकण एकीकडे गेलं आणि बायकोचे फिरायला जायचे बूट फरशीवर उताणे पडले. स्टुलावर उभ्या असलेल्या उपसंपादकाला वरून आधी ती चिठ्ठीच दिसली. पांढरी, चौकोनी, चारही कोपरे जागच्या जागी. तिच्या आजूबाजूचं रबर धुतलेल्या पाटीसारखं स्वच्छ. एका हातात बॅगेचा पट्टा, दुसरा हात माळ्याच्या कडेवर, पायाखाली लंगडं स्टूल, अशा अवस्थेत तो कितीतरी वेळ तसाच राहिला. त्याला वाटलं, खाली उतरलो की काहीतरी सुरू होईल. वर आहोत तोवर ते सुरू झालेलं नाही.

खरं म्हणजे सुरू होण्यासारखं काही नव्हतं. छपाईचं यंत्र बंद पडलं म्हणून ऑफिस दुपारीच सुटलं होतं. सकाळी कामाला निघता निघता बायको दारातून म्हणाली होती, जमलं तर मोठी बॅग काढून ठेवा. कशाला, हे त्यानं विचारलं नव्हतं. बहिणीकडे जात असेल, असं त्यानं आपल्याशी ठरवून टाकलं होतं, आणि एकदा ठरवल्यावर ते तिनंच सांगितल्यासारखं पक्कं झालं होतं. तो उतरला. बूट उचलला. पुढच्या बाजूला कोंबलेला कागदाचा बोळा हाताला लागला. आत अजून दुकानाचा वास होता, नव्या रबराचा, किंचित गोडसर. जुने झिजले असतील, तिनं दुसरे घेतले असतील, असा एक विचार त्यानं घाईघाईनं करून पाहिला. पण तो पुन्हा स्टुलावर चढला, तर माळ्यावर शेजारीच दुसरं खोकं होतं, आणि त्यात त्याचे स्वतःचे बूट होते. नाड्या दुकानातल्या माणसानं ओवल्या होत्या तशाच, टोकं आत खुपसलेली. माणूस बायकोच्या बुटांबद्दल चुकू शकतो. स्वतःच्या पायांबद्दल कसा चुकेल?

कारण फिरायला तर ते दोघं रोज जात होते. मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात राहायला गेली त्या आठवड्यात बायकोच म्हणाली होती, आता घरात दोघंच उरलो, समोरासमोर बसलो तर भांडू, त्यापेक्षा शेजारीशेजारी चालू. मग दोघं बूट घ्यायला गेले होते. दुकानदारानं त्याचा पाय हातात धरून, साहेब, तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे, असं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, तेव्हा बायको इतकी हसली होती की तिला खाली बसावं लागलं होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा, ग्रंथालयाच्या मागच्या गल्लीनं उतार उतरायचा, तळाशी बाग, बागेत मधली फळी तुटलेला बाक. रस्ता त्याला तोंडपाठ होता. टाकीखाली ओल असते, तिथं बायको त्याचा दंड धरते. ग्रंथालयाच्या खिडकीत एक बाई रोज डबा पुसत उभी असते. बाकावर बसताना बायको म्हणते, याची कंबर गेली, आपली अजून आहे, बसा. तिच्या आवाजातला तो 'बसा' त्याला आताही ऐकू येत होता, हातात बूट घेऊन फरशीवर फतकल मारून बसलेला असताना. दंडावर तिच्या बोटांचा दाब होता. आठवण म्हणजे आणखी काय असतं? आवाज, वास, दाब, थोडा उजेड. सगळं होतं. फक्त तळव्याला माती नव्हती.

त्यानं आपला एक बूट पायात घालून पाहिला. टाच आवळली गेली, चवड्यावर कातडं कडक लागलं. नवा बूट पहिले काही दिवस चावतो, तसा हा चावत होता. खोलीतून दारापर्यंत तो गेला आणि परत आला. बूट करकरत होता. तो करकर आवाज त्यानं पूर्वी कधीच ऐकला नव्हता, याबद्दल मात्र त्याची खात्री होती. चोरी झालेल्या घरात माणूस फिरतो तसा तो खोलीभर फिरला. पण चोरीत घरातलं काहीतरी गेलेलं असतं. जे कधी नव्हतंच ते कुठं शोधायचं? कपाटावरच्या आरशात त्याला एक बावन्न-त्रेपन्नचा गृहस्थ दिसला, अंगात ऑफिसचा शर्ट, एका पायात नवा बूट, दुसरा पाय अनवाणी. हा कोण, असं त्याला वाटलं नाही. हा कुठून आला, असं वाटलं.

शंका आली की फाइल काढायची, ही त्याची ऑफिसातली सवय. त्यानं टेबलाच्या खणातून रोजनिशा काढल्या. गेल्या महिन्यातलं कुठलंतरी पान. 'संध्याकाळी दोघे फिरून आलो. टाकीखाली ओल तशीच. ती म्हणाली, ग्रंथालयातल्या बाईचा डबा एक दिवस पुसून पुसून झिजून जाणार. हसलो. हवा छान.' त्याचा जीव भांड्यात पडला. हे काय, लिहिलेलंच आहे. त्यानं मागचं पान काढलं, त्याच्या मागचं काढलं. रोज दोघे फिरून आलेले. रोज हवा छान. आणि मग, छान हवेच्या त्या ओळीवर बोट ठेवलेलं असतानाच, त्याच्या कानाच्या पाळ्या गार पडल्या. ही पानं त्यानं केव्हा लिहिली होती, ते त्याला ठाऊक होतं. सकाळी. चहाचा कप डाव्या हाताला ठेवून, आंघोळीच्या आधी. त्याच दिवसाची संध्याकाळ, त्याच दिवशी सकाळी.

हे गुपित होतं असं नाही. ते त्याचं कामच होतं. शहराचं पान दिवस मावळायच्या आत छपाईला जायचं, आणि शहरातले सगळे समारंभ दिवस मावळल्यावर व्हायचे. तेव्हा निमंत्रणपत्रिका समोर ठेवून तो समारंभाची बातमी दुपारीच लिहून काढायचा. पाहुण्यांनी मनोगत व्यक्त केलं, अध्यक्षांनी मार्गदर्शन केलं, चिटणिसांनी आभार मानले, टाळ्यांच्या कडकडाटात सांगता झाली. वीस-बावीस वर्षांत शहरानं त्याला क्वचितच खोटं पाडलं. पाहुणे मनोगतच व्यक्त करायचे, दुसरं करणार काय? ऑफिसात त्याला ज्योतिषी म्हणत. एकदाच घात झाला. सभागृहाला कुलूप, संस्थेत मारामारी, आणि सकाळच्या पानावर ठळक टाळ्या. त्या दिवसापासून छायाचित्रकार त्याला बघितलं की म्हणायचा, "उचलली लेखणी, लावली टाळ्यांना. या ज्योतिषी, आमच्या पोरीचं लग्न कसं झालं ते सांगा, म्हणजे आम्ही खर्च तरी वाचवू." तो लाजून हसायचा. दुसऱ्या दिवशी दोन ओळींची दुरुस्ती छापली होती, सातव्या पानावर, खाली. वर्तमानपत्राला सातवं पान तरी असतं.

रोजनिशी आधी अशी नव्हती. मुलगी लहान असताना तो रात्री लिहायचा, डोळे मिटत असताना, दोन-तीन ओळी, त्याही वाकड्या. त्या जुन्या वह्या खणाच्या तळाशी होत्या. त्यानं एक उघडली. 'मुलीला ताप. औषध आणायला विसरलो. ती काही बोलली नाही. मीही नाही.' दुसऱ्या पानावर नुसतंच 'भांडण' आणि पुढं मोकळी जागा. तिसऱ्यावर दुधाचा डाग. चाळिशी उलटून गेल्यावर एका सुटीच्या दुपारी त्यानं त्या वह्या सलग वाचल्या होत्या, आणि त्यांतून जो माणूस वर आला तो त्याला अजिबात आवडला नव्हता. विसरणारा, गप्प बसणारा, बायकोच्या पाठीकडे बघत राहणारा. तेव्हा त्यानं ठरवलं की सकाळी लिहायचं, डोकं स्वच्छ असताना. आज संध्याकाळी तिच्याशी बोलेन. आज मुलीच्या शाळेत जाईन. चांगला विद्यार्थी वेळापत्रक करतो तसं. त्यात वाईट काय होतं? आणि मग हाताच्या सवयीनं कधी 'बोलेन'चं 'बोललो' झालं, 'जाईन'चं 'जाऊन आलो' झालं, त्यालाच कळलं नाही. कळलं ते एवढंच, की आंघोळीच्या आधीच दिवस हातावेगळा झाला की फार बरं वाटतं. घरातून बाहेर पडताना खिशात दिवसभराचं सगळं असायचं, रुमालासारखं, घडी घातलेलं. मग दिवस येऊन जायचा. रात्री आठवायला बसावं तर जे सुबक, नेटकं, शब्दांत बांधलेलं होतं तेच आधी आठवायचं. उरलेल्याला शब्द नव्हते, ते कुठं टिकणार? आणि आठवण खरी की खोटी हे तपासायला कोण जातं? माणूस रोज उठून आपले दात मोजतो का?

दातांवरून त्याला बायकोची आठवण झाली आणि तो दचकला, कारण तिचा चेहरा डोळ्यांपुढे यायला वेळ लागला. बायको एका कार्यशाळेत कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून तोंडांचे साचे यायचे आणि ती त्यांत मेणाच्या हिरड्या बसवून एकेक दात लावायची. तिच्या नखांत गुलाबी मेण असायचं, केसांत प्लास्टर. लग्न झालं तेव्हा ती त्याला म्हणाली होती, तुमचे पुढचे दोन दात जरा उद्धट आहेत, पण मी सांभाळून घेईन. हे खरं होतं. हे त्यानं कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणजे हे खरं असणार. असा हिशेब आपण करतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं. आणि मग दुसराही हिशेब करावा लागत होता. लिहिलेलं काय काय आहे?

मुलगी गेली त्या दिवसाचं पान त्याला शोधावं लागलं नाही. 'गाडी सुटताना ती रडली. खिडकीतून हात बाहेर काढला. मी गाडीबरोबर चार पावलं चाललो. आम्ही दोघे न बोलता घरी आलो.' हे मात्र झालं होतं. निळ्या बाहीतला तो हात, मनगटावर घड्याळ उलटं बांधलेलं, गाडीच्या पत्र्यावर पडलेलं ऊन. दोन वर्षं हा हात त्यानं कितीदा आठवला असेल! ऑफिसात शिरताना, चष्मा पुसताना, उगाचच. त्यानं मुलीला फोन लावला. एरवी तो कधी लावायचा नाही, बायकोच्या फोनवर शेवटी 'घे, बाबांशी बोल' एवढंच असायचं. त्यामुळे मुलीनं आधी घाबरून विचारलं की आई बरी आहे ना. आई बरी आहे, तो म्हणाला. मग आडून आडून, हवापाणी विचारून, त्यानं त्या दिवसाचा विषय काढला. म्हणाला, तू फार रडलीस गं त्या दिवशी.

"मी?" मुलगी हसली. "बाबा, मी कुठली रडते. आई रडली. मी तिलाच समजावत होते."

"बरं. पण खिडकीतून तू हात…"

पलीकडे तिच्या ऑफिसातली कुणाची तरी हाक तेवढी ऐकू आली.

"बाबा, तुम्ही आला नव्हतात," मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "सकाळी ऑफिसातून फोन आला, पूल पडला म्हणून, आणि तुम्ही चहा टाकून गेलात. जिन्यातूनच म्हणालात, पोचल्यावर कळव. विसरलात का?" आणि मग, एखाद्या म्हाताऱ्या माणसाची समजूत घालावी तसं, "अहो, होतं असं. कामात होतात तुम्ही."

पूल पडला होता. हो. त्या दिवशीची पानं त्यानंच लावली होती, शाई ओली असताना हातात घेतली होती, बळींची नावं त्यानंच तपासली होती. दोन्ही आठवणी आता त्याच्या समोर शेजारीशेजारी उभ्या होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. निळी बाही जशीच्या तशी होती. ती पुसली जात नव्हती, हेच भयंकर होतं. भ्रमाचा भोपळा फुटला की आत निदान पोकळी असते म्हणतात. याचा भोपळा फुटल्यावरही आत सगळा संसार जसाच्या तसा मांडलेला होता, आणि तो कुणाचा ते कळत नव्हतं.

फोन ठेवल्यावर तो खुर्चीत बसला. बूट खोलीच्या मध्यभागी. बाहेर संध्याकाळ व्हायला लागली, आणि ती त्यानं नीट पाहिली. भिंतीवरचा उजेड आधी पिवळा झाला, मग मळका, मग कपाटाच्या कडेला एक रेघ उरली. शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. जिन्यात दिवा लागला. बायको आली नाही. त्याला वाटलं आता येईल, आता येईल, आणि मग लख्खकन लक्षात आलं की आपण इतकी वर्षं या घरात या वेळी असतो, आणि ती या वेळी कधी येते हेच आपल्याला माहीत नाही. अंधार पुरता दाटल्यावर कुलपात किल्ली फिरली. तिनं दिवा लावला. बूट पाहिले, त्याला पाहिलं, बॅग पाहिली.

"काढलीत का? बरं झालं. मला वाटलं विसराल," ती म्हणाली, आणि बूट ओलांडून आत पाणी प्यायला गेली.

त्यानं तिला आतून बाहेर येऊ दिलं. मग विचारलं की आपण फिरायला जातो ना. प्रश्न विचारताना आवाज इतका बारीक निघाला की त्यालाच तो परका वाटला. बायको पदराला हात पुसत थांबली. गेलो होतो की, ती म्हणाली. दोनदा. तेही जुन्या चपला घालून, कारण नवे बूट चावतील म्हणून तुम्ही म्हणालात, आधी घरात घालून सैल करू. तिसऱ्या दिवशी तुम्हाला उशीर झाला, चौथ्या दिवशी मला झाला. मग मी वाट बघायला लागले की तुम्ही विचाराल. तुम्ही कशाची वाट बघत होतात ते तुम्हालाच ठाऊक. ती हे भांडणाच्या सुरात सांगत नव्हती. कुठल्या तोंडात कोणता दात बसला नाही ते सांगावं तसं सांगत होती. संध्याकाळी ती कार्यशाळेतच थांबायची, सगळे गेले की अवघड कवळ्या घेऊन बसायची. तिला ती शांतता आवडायला लागली होती. घरी यावं तर तो खुर्चीत झोपलेला. ती त्याला उठवायची, दोघं जेवायला बसायची.

"आणि जेवताना तुम्ही रोज म्हणायचात, आज हवा छान होती, नाही?" ती म्हणाली. "मला वाटायचं टोमणा मारताय. फिरायला येत नाही म्हणून. दोन वर्षं मी तो टोमणा गिळलाय."

टेबलावर रोजनिशा उघड्याच होत्या. त्यानं त्यांच्याकडे नुसतं बोट केलं. तिनं त्या कधी उघडल्या नव्हत्या. दुसऱ्याच्या तोंडात आणि दुसऱ्याच्या वहीत विचारल्याशिवाय बघू नये असं ती म्हणायची. आता म्हणाली, वाचा. त्यानं वाचलं. आधी एक पान, मग ती म्हणाली पुढचं, मग त्याच्या पुढचं. टाकीखालची ओल, डबा पुसणारी बाई, तुटका बाक. ती बॅगेवर बसून ऐकत होती, गुडघ्यांवर कोपरं टेकून. डब्याच्या ओळीला ती चक्क हसली. बाकाच्या ओळीला तिनं विचारलं, हे मी म्हणाले? आणि त्यानं मान हलवल्यावर म्हणाली, चांगलं बोलते की. तिचा चेहरा त्याला वाचता येत नव्हता. लहान मुलानं आपल्याच जन्माची गोष्ट ऐकावी तशी ती ऐकत होती, अधाशासारखी, आणि त्याच वेळी तिचा रंग उतरत चालला होता.

"हिला राग येत नाही का कधी?" तिनं विचारलं.

त्यानं पानं उलटली. "नाही."

"कंटाळा? डोकं दुखतं? मुलीची आठवण येऊन गप्प बसते?"

"नाही."

"मग बरी आहे," बायको उठत म्हणाली. "तिच्याबरोबर राहा तुम्ही. मी सोमवारी जातेय."

कुठं, असं त्यानं विचारलं, आणि विचारता क्षणीच तिच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं की हा प्रश्न विचारायची वेळ फार पूर्वी येऊन गेली आहे. तिनं सांगितलं, पुन्हा एकदा. तिच्या मालकांनी दुसऱ्या शहरात नवी कार्यशाळा काढली होती. ती तिनं उभी करून द्यावी, नव्या मुलींना शिकवावं, असं त्यांनी विचारलं होतं. राहायला खोली देणार होते. उन्हाळ्यात तिनं त्याला हे सगळं जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं, पन्नाशीत कुणी असं विचारेल असं वाटलं नव्हतं, असंही म्हणाली होती. तुम्ही म्हणालात, चांगलं आहे, जा. पेपरातून डोकं वर काढलं नाहीत, पण म्हणालात. त्या रात्री मला आनंदानं झोपच लागली नाही. त्यानं उन्हाळ्यातली पानं काढली. एका पानावर होतं, 'फिरताना ती तिच्या कामाबद्दल बोलत होती. हवा छान.' कदाचित तोच दिवस. कदाचित दुसराच. आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट त्याच्या समोर बसून, घास चावत, बोलली गेली होती, आणि त्या संध्याकाळची जागा सकाळीच भरलेली होती.

"काम संपलं की परत येशील?" त्यानं विचारलं.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत असेल तर सांगा. तुम्ही आधी लिहिता."

सोमवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही, कारण त्यानं ते कुठंच लिहिले नाहीत. सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसायचा, हात आपोआप पेनकडे जायचा आणि चटका बसल्यासारखा मागे यायचा. घरातलं सगळं भलतंच ठसठशीत झालं होतं. बायको साड्यांच्या घड्या घालताना हनुवटीखाली पदर धरते. ती जिना उतरताना कठड्याला हात लावत नाही. तिच्या उजव्या कानामागे एक पांढरी बट आहे, ती केव्हा आली? ऑफिसात निमंत्रणपत्रिका साचल्या तेव्हा छायाचित्रकारानं विचारलं, काय ज्योतिषी, ग्रह फिरले का? त्यानं खरंखुरं उत्तर दिलं की बायको चालली आहे आणि मला ते माहीत नव्हतं. छायाचित्रकार हसायला लागला, मग त्याचं तोंड बघून थांबला. त्यानं खिशातून सिगारेट काढली, परत ठेवली आणि म्हणाला, "मग इथं काय बसलाय? घरी जा की लेको." त्या संध्याकाळच्या समारंभाला तो स्वतः गेला नाही, पण बातमीही लिहिली नाही. पानावर ती जागा एका जाहिरातीनं भरली.

सोमवारी तो बायकोबरोबर बसच्या थांब्यावर गेला. तिनं यायला सांगितलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. बॅग त्यानं उचलली, ती जड होती, आणि दर थोड्या अंतरानं हात बदलावा लागत होता. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. मग निरोप झाला, सगळे निरोप होतात तसा. पोचल्यावर फोन कर. गॅस बंद करत जा. औषधं वरच्या खणात आहेत. दोघांनी माना हलवल्या, तो दोन पावलं मागे सरला, आणि बस सुटली नाही. चालक खाली उतरून समोरच्या टपरीवर गेला, कुणाशी तरी बोलत उभा राहिला. आता काय? बोलायचं ते बोलून झालं होतं, जायचं ते होत नव्हतं. प्रवासी आपापल्या माणसांकडे बघून उगाच हसत होते. ती काचेपलीकडून त्याच्याकडे बघत होती, तो तिच्याकडे. बोलायला काही तयार नाही अशी ही त्याची इतक्या वर्षांतली पहिलीच वेळ होती, आणि त्याला भर उन्हात थंडी वाजायला लागली.

बायकोनं खिडकीची काच सरकवली. ती अडकली होती, तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. तो पुढे झाला.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

हे तिनं कधी म्हटलं नव्हतं. त्या पानांवरची बायको दोन वर्षांत एकदाही घाबरली नव्हती, आणि त्याच्या आठवणीतली बाळंतपणाला जातानाही चेष्टा करत गेली होती. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. हनुवटी हलत होती. त्याला वाटलं, काहीतरी धीराचं बोलावं. जिभेवर वाक्यं आली, सगळी शुद्ध, सगळी छापण्याजोगी, आणि तो एकेक वाक्य गिळत गेला.

"काय बोलावं मला कळत नाही," तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. तिनं खिडकीवर हात ठेवला, त्यानं त्याच्या शेजारी ठेवला. पत्रा तापलेला होता. चालक आला, दार आदळलं, इंजिन सुरू झालं, बस अंग झटकल्यासारखी हलली. बायको खिडकीतून थोडी बाहेर वाकली आणि घाईघाईनं म्हणाली, "अहो, ऐका, तुम्ही जर तिकडे कधी…" आणि मग बसनं वळण घेतलं, दुसरी एक बस मध्ये आली, आणि तिचे हलणारे ओठ दिसेनासे झाले.

तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. वाक्य अर्धंच राहिलं होतं. त्याचा शेवट काय असेल ते त्याला सुचत होतं, एक सुचत होता, दुसरा त्याहून बरा सुचत होता, आणि त्यानं एकही घेतला नाही. लोक त्याला वळसा घालून जात राहिले. ते वाक्य तसंच, अर्धं, दोन्ही हातांत धरल्यासारखं धरून तो पुष्कळ वेळ तिथंच उभा होता.